नऊ दिवसांची मालकीण

मला एका जागी बसवत नाही. लहानपणी बाबांनी माझं नाव ठेवलं होतं 'भिंगरी', आणि पुढे नोकरी मिळाली तीही चष्म्याच्या दुकानात, काचा घासायची. पायाला भिंगरी आणि हातात भिंग, असं काका म्हणतात. काका म्हणजे आमच्या दुकानाचे मालक. त्यांच्या दुकानामागच्या खोलीत मी तेवीस वर्षं उभ्यानं काम करते आहे. खोलीत स्टूल आहे, पण त्यावर माझा जेवणाचा डबा बसतो.

अशा बाईला सरकारी कचेरीतल्या बाकावर दोन तास बसवणं म्हणजे शिक्षाच. त्या सोमवारी मी चार नंबरच्या खिडकीसमोर बसले, उठले, पाण्याच्या पिंपापर्यंत जाऊन आले, पुन्हा बसले. भिंतीवरच्या सगळ्या सूचना वाचल्या. एका सूचनेत 'मालमत्ता' हा शब्द चुकीचा छापला होता. ते कोणाला सांगावं याचा विचार करत होते, तेवढ्यात माझा नंबर पुकारला.

काम साधं होतं. मी घर घेत होते. वय अठ्ठेचाळीस, खोल्या दोन, मजला तिसरा, स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी. आयुष्यात पहिल्यांदा घर घेणाऱ्याला दहा वर्षं घरपट्टी निम्मी भरावी लागते, अशी सवलत आहे. बँकेनं माझा पगार, कर्जाचा हप्ता आणि ही निम्मी घरपट्टी असा सगळा हिशेब जुळवून कर्ज मंजूर केलं होतं, तेही अगदी काठावर. बँकेतल्या बाई म्हणाल्या होत्या, "सवलतीचा दाखला तेवढा आणा. तो नसेल तर मात्र हे बसत नाही हं." आणि घर विकणाऱ्या गृहस्थांकडे दुसरं गिऱ्हाईक तयार होतं. त्यांनी मला शुक्रवार संध्याकाळपर्यंतची मुदत दिली होती. दाखला मिळाला तर घर, नाहीतर पुन्हा भाड्याची खोली. आठवी.

आधीच्या सातही घरमालकांनी मला एक गोष्ट न चुकता बजावली होती: भिंतीला खिळा ठोकायचा नाही. त्यामुळे माझा आरसा इतकी वर्षं जमिनीवर उभा आहे, भिंतीला टेकून. माझे गुडघे कसे दिसतात हे मला चांगलं माहीत आहे. तोंड बघायचं तर वाकावं लागतं.

खिडकीमागचा कारकून माझ्याच वयाचा होता. शर्टाची सगळी बटणं लावलेली, गळ्याचंसुद्धा. मी मनातल्या मनात त्याला नियमभाऊ म्हणायला लागले.

"पहिलंच घर?"

"पहिलंच."

"याआधी कुठल्या घरात मालकी, हिस्सा, वाटा?"

"अहो, मालकी असती तर मी गुडघे बघत बसले असते का?"

त्याला अर्थातच काही कळलं नाही. त्यानं माझा ओळख क्रमांक यंत्रात घातला आणि पडद्याकडे बघत राहिला. मी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला. मग पुन्हा पहिल्यावर.

"बाई, तुमच्या नावावर घर होतं."

"कोणाच्या?"

"तुमच्या. सहा वर्षांपूर्वी. तीन तारखेला नाव चढलं, बारा तारखेला उतरलं. नऊ दिवस."

मी म्हटलं, चूक असेल. नाव सारखं असेल. त्यानं पडदा माझ्याकडे वळवला. नाव माझं होतं, वडिलांचं नाव माझ्या बाबांचं होतं आणि पत्ता आमच्या घराचा होता. म्हणजे भावाच्या. मग डोक्यात प्रकाश पडला. बाबा गेले तेव्हा घर धाकट्याच्या नावावर करायचं ठरलं होतं. धाकटा म्हणजे माझा एकुलता एक भाऊ. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं, त्याला छप्पर नीट करायला कर्ज काढायचं होतं आणि कागदावर एकच नाव असेल तर सोपं जातं, असं कोणीतरी त्याला सांगितलं होतं. माझी काही तक्रार नव्हती. मी एकटी, मला शहराच्या दुसऱ्या टोकाला दुकानाजवळ राहायचं होतं. "ताई, हे फक्त कागदापुरतं आहे," असं तो म्हणाला होता. मी उभ्याउभ्या हक्कसोड पत्रावर सही केली होती. न वाचता. बसून वाचायला वेळ कुणाला होता?

"पण मी तर हक्क सोडला," मी म्हटलं. "घेतला नाही. सोडला!"

"सोडायला आधी असावा लागतो ना," नियमभाऊ शांतपणे म्हणाला. "नसलेला हक्क कसा सोडणार? म्हणून आधी वारस म्हणून दोघांची नावं चढवली, मग तुमचं उतरवलं. पण चढलं ते चढलं. नियमात 'कोणत्याही काळात' असं आहे. एक दिवस असता तरी आम्ही धरला असता."

लोकांचे निदान नव्याचे नऊ दिवस असतात. माझे नऊ दिवस आले आणि गेले, मला पत्ताच नाही. कोणी सांगितलं असतं तर एखाद्या दिवशी तरी कमरेवर हात ठेवून मालकिणीसारखी दारात उभी राहिले असते. इतकी वर्षं लोकांना बारीक अक्षर वाचता यावं म्हणून काचा घासते आणि स्वतः सही करते ती न वाचता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मला स्वतःचा असा राग आला की मी खिडकीच्या कठड्यावर हात आपटला. मागच्या रांगेतला एक माणूस दचकून मागे सरकला.

नियमभाऊ दचकला नाही. त्यानं खण उघडला, बोटाला पाणी लावून कागद उलटले आणि एक छापील फॉर्म काढला.

"एक वाट आहे. नाममात्र नोंद. म्हणजे नाव नुसतं कागदोपत्री होतं, प्रत्यक्षात तुमचा त्या घराशी संबंध नव्हता, असं तुम्ही लिहून द्यायचं. दुसऱ्या वारसाची सही हवी. एक साक्षीदार. आणि तुमची सही इथे, माझ्यासमोर. शुक्रवारी चारपर्यंत खिडकी उघडी असते."

मी फॉर्म घेतला आणि पळाले. तिथल्या तिथे नाचायचीच बाकी होते.

या वेळी वाचला मात्र. दुकानात येऊन, काचेवरचा चरा बघायचं भिंग डोळ्याला लावून. वर सगळा नेहमीचा मजकूर होता आणि खाली एकच वाक्य: 'सदर घरात अर्जदाराचा कोणताही हक्क, वाटा अथवा वहिवाट कधीही नव्हती.' वाचलं, घडी घातली आणि पर्समध्ये टाकलं. त्या वेळी मला काहीच वाटलं नाही, हे कबूल केलं पाहिजे. सुटलो बुवा, एवढंच वाटलं.

मंगळवारी दुपारी मी एका वाचायच्या चष्म्याची काच वाया घालवली. चौकटीच्या मापापेक्षा जास्त घासली. काच चौकटीत धरली तर आत खुळखुळ वाजली. काका बाहेरून आले, त्यांनी काच उजेडात धरली आणि माझ्याकडे पाहिलं.

"भिंगरीबाई, अशी काच तू शेवटची कधी बिघडवली होतीस?"

"आठवत नाही."

"मला आठवतं. कधीच नाही."

'कधीच' या शब्दानं मी उगाचच उसळले. म्हटलं, कापा माझ्या पगारातून. काका म्हणाले, एका काचेसाठी कशाला कापू, आणि चष्मा शोधत निघून गेले. चष्मा त्यांच्या कपाळावर होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, हा त्यांचा दिवसातून तीनदा चालणारा कार्यक्रम. एरवी मी हसते. त्या दिवशी मी खोलीतल्या खोलीत चकरा मारत होते, आणि प्रत्येक चकरेला तो एक शब्द पायात येत होता. हक्क नव्हता, ठीक. वाटा नव्हता, तेही ठीक. पण वहिवाट? वहिवाट म्हणजे जाणं-येणं, वावरणं, राहणं. आणि कधीही?

बुधवारी सुट्टी घेऊन भावाकडे गेले.

भावाच्या घराला पुढे बेल आहे. त्यानं छप्पर केलं तेव्हा बसवली, पक्ष्यासारखी वाजते, पण कुठल्या पक्ष्यासारखी ते अजून ठरलेलं नाही. मी ती कधी वाजवलेली नाही. मी मागच्या दारानं जाते. मागच्या दाराची कडी बाहेरून सरळ उघडत नाही. ती जरा वर उचलून, गुडघ्यानं दाराला खाली धक्का द्यावा लागतो. कुठे धक्का द्यायचा ते माझ्या गुडघ्याला पाठ आहे. चोराला जमणार नाही, म्हणून बाबांनी ती कडी कधी बदलली नाही.

आत गेले आणि नेहमीसारखी नजर वर गेली. मागच्या दारावर एक छोटी खिडकी आहे, धूर बाहेर जायला केलेली. तिची काच मी कापली आहे. वय सोळा. बाबा घरांना रंग देण्याचं काम करायचे आणि त्यांच्याकडे एक जुना काचकापी हिरा होता. मी हट्ट धरला, मीच कापणार. बाबांनी माप दिलं आणि मला धीर कुठला, मी रेघ ओढली आणि तोडून मोकळी झाले. अर्धा इंच कमी भरली. दुसरी काच आणायला तेव्हा पैसे नव्हते. बाबांनी काही न बोलता लाकडाची एक पट्टी तासून त्या फटीत बसवली आणि वर रंग दिला. तेव्हापासून आमच्या घरात काही थोडक्यात हुकलं की म्हणायचं, 'भिंगरीची काच झाली.' दूध उतू गेलं, भिंगरीची काच. धाकटा दोन गुणांनी नापास झाला, तीही भिंगरीची काच. पुढे चष्म्याच्या दुकानात मी मापात कधी चुकले नाही ते त्या पट्टीमुळे.

धाकटा जेवून उठत होता. तो लिफ्ट दुरुस्त करतो. लोकांना वर-खाली करतो आणि स्वतः जमिनीवर असतो, असं मी त्याला चिडवते. त्याची बायको शाळेत शिकवते. ती टेबलावर वह्यांचा ढीग घेऊन बसली होती, हातात लाल पेन.

मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. नऊ दिवसांचं ऐकून तो खो खो हसला.

"ताई, म्हणजे नऊ दिवस तू माझी घरमालकीण होतीस!"

"भाडं थकलंय तुझं," मी म्हटलं. "आण आता सही इकडे."

"एवढंच ना? दे."

फॉर्म हातात घेऊन त्यानं बायकोच्या हातातलं पेन ओढलं, मग ते लाल आहे हे लक्षात आल्यावर स्वतःच्या खिशातलं काढलं, फॉर्म भिंतीवर धरला आणि सही केली. वाचलं नाही. आमच्या घराण्यातच नाही ते. पंधरा सेकंदही लागले नसतील.

आणि मला राग आला. का आला ते मला तिथेच उभं राहून कळलं, आणि लाजही वाटली. त्यानं सही करायला नको होती का? केली नसती तर मी त्याला तिथेच फाडून खाल्लं असतं. केली तर इतक्या झटपट का केली म्हणून राग. मला वाटतं, मला एवढंच हवं होतं की पेन शोधायला त्यानं जरा वेळ लावावा.

"साक्षीदार कोण?" त्यानं विचारलं आणि फॉर्म बायकोपुढे सरकवला. "तू कर."

ती सगळं वाचते. दुधाच्या पिशवीवरचंसुद्धा वाचते. तिनं फॉर्म वाचला, मग ते शेवटचं वाक्य मोठ्यानं वाचलं. शाळेत वाचतात तसं, सुटं सुटं. "सदर घरात अर्जदाराचा कोणताही हक्क, वाटा अथवा वहिवाट कधीही नव्हती." तिनं मान वर केली आणि मागच्या दारावरच्या खिडकीकडे पाहिलं.

"मग ती काच कोणी कापली?"

"अगं, हे कागदापुरतं असतं," धाकटा म्हणाला.

तेच शब्द, तोच आवाज. सहा वर्षांपूर्वी त्याच शब्दांवर मी मालकीण झाले होते आणि आज त्याच शब्दांवर मी त्या घरात कधी राहिलेच नव्हते. कागद बिचारा काय, बोट धरून न्याल तिकडे येतो. मी टेबलाभोवती एक चक्कर मारली.

"ताई, बसा ना जरा," ती म्हणाली.

"बसवत नाही गं."

"हे बघा, तुम्ही सही करू नका असं मी म्हणणार नाही. तुमचं घर जायला नको, मलाही कळतं. पण साक्षीदार म्हणून माझं नाव नको. या घरात आल्यापासून ती काच मी पुसतेय. मला माहीत आहे ती कोणाची आहे ते."

धाकटा चिडला. तू उगाच प्रत्येक गोष्टीचा निबंध करतेस, म्हणाला. ती म्हणाली, निबंध नाही, एक वाक्य आहे, आणि चुकीचं आहे. तिनं लाल पेनाचं टोपण लावलं. मला वाटलं, दोघांचं आता माझ्यावरून वाजणार. मग मीच फॉर्म उचलला.

"साक्षीदाराचं बघते मी. काका आहेत."

"ताई, तुला वाईट वाटलं का?" धाकट्यानं दारात विचारलं. विचारलं त्यानं, हे सांगायला हवं. तो वाईट नाही. मी आणि बाबांनी वाढवलेला आहे, थोडा घाईचा आहे, एवढंच.

"छे. काम झालं की," मी म्हटलं आणि कडी वर उचलली.

गुरुवारी काकांपुढे फॉर्म ठेवला. त्यांचा चष्मा पुन्हा कपाळावर होता. डोळे बारीक करून ते म्हणाले, "काय लिहिलंय?"

"मी आमच्या घरात कधी राहिले नाही असं."

"बरं. कुठे करू सही?"

मी बोट ठेवलं. काकांनी पेन टेकवलं आणि थांबले.

"पण ती अर्ध्या इंचाची काच? नोकरीला आलीस तेव्हा तूच सांगितली होतीस. मी म्हटलं होतं, जी बाई स्वतःची चूक आधी सांगते तिला ठेवून घ्यावं."

"काका, सही करा."

त्यांनी चष्मा खाली ओढला, सही सावकाश केली आणि खाली तारीखही घातली. मग काउंटरवरच्या काचा उगाचच पुसत बसले. मी मागे जाऊन मशीन सुरू केलं. मशीनच्या आवाजात कोणी बोलत नाही, हे बरं असतं.

त्या दिवशी मला दुसरी वाट सुचली नाही असं नाही. दाखला नको म्हणावं, कर्ज गेलं तर जाऊ दे, घर गेलं तर जाऊ दे. मानी बाईनं तेच केलं असतं. पण मान कुठे ठेवू? खिळासुद्धा ठोकता येत नाही अशा भिंतीला? माझं वय पन्नाशीला आलंय. उद्या नजर कमी झाली तर मला कोण मापाच्या काचा घासायला ठेवणार, आणि मग कोण कर्ज देणार? मला घर हवं होतं. ते किती हवं होतं ते मला त्या दिवशी कळलं, आणि त्यासाठी मी काय देऊ शकते तेही कळलं. दोन्ही गोष्टी एकदम कळणं चांगलं नसतं.

शुक्रवारी तीन वाजता मी चार नंबरच्या खिडकीपाशी होते. 'मालमत्ता' अजून चुकीचीच होती. नियमभाऊनं फॉर्म तपासला, धाकट्याची सही, काकांची सही, तारीख. मग पेन माझ्याकडे सरकवलं आणि हात वर केला.

"थांबा. आधी तोंडी विचारावं लागतं." त्यानं फॉर्म स्वतःकडे वळवून वाचला. "या घरात तुमची वहिवाट कधीही नव्हती?"

"लिहिलंय की तिथे."

"लिहिलंय. पण तोंडी सांगावं लागतं. नियम आहे."

याचा मी विचारच केला नव्हता. सही हातानं करायची असते, हात काय, घाईत काहीही करतो. तोंडानं बोलायचं म्हणजे ते आपल्याच कानावर पडतं. माझ्या मागे रांग होती. कोणीतरी खोकलं. मला एकदम बाबांचं ते लाकूड तासणं दिसलं, पट्टी डोळ्यासमोर धरून एक डोळा मिटून बघणं, आणि त्यांनी मला एका शब्दानं रागावलं नव्हतं तेही आठवलं. आयुष्यात पहिल्यांदा माझे पाय जागच्या जागी थांबले. चक्कर मारावीशी वाटली नाही, पाणी प्यावंसं वाटलं नाही.

"बाई?"

"नव्हती," मी म्हटलं.

"जरा मोठ्यानं."

"नव्हती. कधीही नव्हती."

सही केली. त्यानं शिक्का उचलला, तो शाईत दाबला आणि माझ्या नावावर मारला. 'पात्र.' मला हसू आलं. नाटकातलं असतं तेही पात्रच. मी दाखला घेतला, बँकेत गेले, तिथून घर विकणाऱ्या गृहस्थांना फोन केला आणि पाच वाजता सगळं संपलं. रस्त्यावर उभी राहून मी रडले. आनंदानं रडते आहे असं मी स्वतःला सांगितलं, आणि ते निम्मं खरं होतं. घरपट्टीसारखं.

महिन्याभरानं मी नव्या घरात राहायला गेले. पहिल्या दिवशी हातोडी विकत आणली आणि आरशासाठी खिळा ठोकला. पहिला वाकला, दुसरा बसला. आरशात माझं तोंड दिसलं, नीट, समोर, न वाकता. गुडघ्यांपेक्षा तोंड जास्त म्हातारं झालं होतं. स्वयंपाकघरात सकाळी ऊन येतं. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, "पहिलंच घर का?" मी म्हटलं, हो. दाखला तसाच आहे. पहिलं घर तसं लवकर मिळालं म्हणायचं, फक्त अठ्ठेचाळीस वर्षं लागली.

रविवारी धाकट्याला आणि त्याच्या बायकोला जेवायला बोलवायला गेले. फोनवर बोलावता आलं असतं, पण अशी बोलावणी समोर जाऊन करावीत. सवयीनं मागच्या गल्लीत वळले, मागचं फाटक ढकललं, दारापाशी गेले आणि कडीला हात घातला. वर उचलली. गुडघा पुढे केला.

आणि गुडघा थांबला. कोणी अडवलं नव्हतं. घरातून भांड्यांचा आवाज येत होता, ती काहीतरी गुणगुणत होती, वर माझी काच होती, खाली बाबांची पट्टी. मला आत जायला कोणीच नाही म्हटलं नव्हतं. मीच म्हटलं होतं. तोंडानं, मोठ्यानं, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. कडी हळूच खाली सोडली, आवाज होणार नाही अशी. गल्लीतून वळसा घालून पुढे आले, पायऱ्या चढले आणि बेल वाजवली.

पक्षी ओरडला. पहिल्यांदाच मी तो बाहेरून ऐकत होते. बाहेरून तो कावळ्यासारखा वाटतो.

धाकट्यानं दार उघडलं. हातात पाना होता. तो माझ्याकडे बघत राहिला, मग माझ्यामागे बघितलं, आणखी कोणी आहे की काय म्हणून.

"ताई? तू बेल वाजवलीस?"

"हो."

"का? मागचं दार उघडंच होतं की."

"कागदापुरती वाजवली रे," मी म्हटलं. मला ते गमतीत म्हणायचं होतं.

तो हसला नाही. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दोघांकडे बघून दारातच थांबली. धाकट्यानं पाना खाली ठेवला, हात पँटला पुसले आणि बाजूला झाला.

"ये," तो म्हणाला. "आत ये, ताई."

इतक्या वर्षांत त्याला मला असं कधी म्हणावं लागलं नव्हतं.